डाव्या बरगडीखालची कळ: पाणथरीचा रक्तपुरवठा तुटला तर काय करायचं

गेल्या पावसाळ्यातली सोमवारची सकाळ. ऐरोलीतल्या माझ्या दवाखान्यात 58 वर्षांचे एक काका उजव्या हाताने डाव्या बरगड्या दाबून, जरासे वाकून आत आले. पोटात 3 दिवस कळ होती. शनिवारी त्यांनी फोन केला होता आणि मी फोनवरच पित्ताची गोळी सांगून मोकळा झालो होतो. ओवा, सोडा, गरम पाण्याची पिशवी हे सगळं घरी होऊन गेलं होतं. रविवारी जवळच्या सेंटरवर सोनोग्राफी झाली. रिपोर्टात लिहिलं होतं, आतड्यात गॅस आहे, बाकी काही विशेष नाही. काकू वैतागल्या होत्या. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग हे कण्हतात कशाला?"

काका म्हणाले, "मोठा श्वास घेतला की आत सुरी फिरते." डावा खांदाही दुखत होता, पण तो म्हणे लोकलमध्ये कडी धरून धरून. पोटाला हात लावण्याआधी मी मनगट धरलं. दोन ठोके अगदी लागोपाठ, मग मोकळी जागा, मग तीन घाईघाईने, मग एकच दुबळा. ताल म्हणून काही नव्हताच. ईसीजीत दिसलं ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. संध्याकाळी सीटी स्कॅन झाला. पाणथरीच्या वरच्या टोकाला कलिंगडाच्या फोडीसारखा एक काळा तुकडा होता. हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी तिथे जाऊन अडकली होती.

काकांची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. शनिवारचा फोन मात्र जसा झाला तसाच सांगितला आहे. या आजारात वेळ जातो तो बहुतेकदा इथेच, कारण डाव्या बाजूला दुखलं की आपल्याकडे घरचे, केमिस्ट आणि डॉक्टर सगळे एकाच सुरात "गॅस" म्हणतात.

पाणथरी कुठे असते आणि तिचं रक्त का अडतं

पाणथरी म्हणजे प्लीहा, हॉस्पिटलच्या भाषेत स्प्लीन. ती डाव्या बाजूला नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जठराच्या शेजारी मागच्या अंगाला असते. निरोगी मोठ्या माणसात वजन साधारण 150 ग्रॅम, लांबी 12 सेंटीमीटरच्या आसपास. बरगडीखाली ती सहसा हाताला लागत नाही. लागली तर बहुतेक वेळा ती वाढलेली असते. जुन्या, कडक झालेल्या लाल पेशी गाळून काढणं आणि काही ठरावीक जंतूंना रक्तातच पकडणं ही तिची मुख्य कामं. एवढ्याशा अवयवाला हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण विसावा वाटा मिळतो. म्हणूनच हृदयातून सुटलेली गुठळी इकडे वळते तेव्हा आम्हाला फारसं नवल वाटत नाही.

आतली रचना सोसायटीच्या पाण्याच्या लाइनसारखी समजा. मुख्य धमनी आत शिरताना तिच्या फांद्या होतात आणि प्रत्येक फांदी आपापल्या विंगलाच पाणी देते. एका विंगची लाइन दुसरीला जोडलेली नसते. एका फांदीत गुठळी बसली की तेवढी विंग गच्चीपर्यंत कोरडी. रक्त न मिळालेला तो भाग मरतो, त्याला इन्फार्क्ट म्हणतात. मुख्य धमनीच बंद झाली तर मात्र जठराच्या बाजूने येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या टँकरसारखं थोडंफार रक्त पोचवतात, त्यामुळे कधी कधी पाणथरीचा काही भाग तगून राहतो. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवाल्यांना टँकरचं मोल वेगळं सांगायला नको.

गुठळी बाहेरून येऊन अडकणं हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात रक्तच दाट किंवा चिकट झालेलं असतं, किंवा लाल पेशींचा आकार बिघडून त्या बारीक वाहिन्यांत तुंबतात. तिसऱ्यात पाणथरी आधीच इतकी वाढलेली असते की तिच्या भुकेला रक्त पुरत नाही. कारण कुठलंही असलं तरी सीटीवरचं चित्र साधारण सारखंच दिसतं. म्हणून रिपोर्टात इन्फार्क्ट लिहून आलं की आमच्या कामाला सुरुवात होते.

कळ ओळखायची कशी

ठरावीक दुखणं असं असतं: डाव्या बरगडीच्या खाली किंवा थोडं मागे, अचानक सुरू झालेलं, एकसारखं टोचणारं. मोठा श्वास, खोकला, शिंक, डाव्या कुशीवर वळणं यांनी वाढतं. जेवणाशी त्याचा फारसा संबंध नसतो. पित्ताचं दुखणं खाण्याने कमी-जास्त होतं, गॅसचं दुखणं जागा बदलतं आणि ढेकर आला किंवा वारा सरला की सैल पडतं. हे तिथेच ठाण मांडून बसतं. दोन-तीन दिवसांत बारीक ताप, मळमळ, एखादी उलटी येऊ शकते.

खांदा दुखण्याचं कोडं इथेच सुटतं. पाणथरीच्या वरच पोट आणि छाती यांच्यामधला पडदा आहे. त्या पडद्याची नस मानेतून येते आणि खांद्याच्या त्वचेची नसही मानेच्या त्याच भागातून निघते. पडदा चिडला की मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. खांदा गोल फिरवून बघा. फिरवल्याने दुखणं वाढत नसेल, पण श्वासाने वाढत असेल, तर दुखण्याचं मूळ खांद्यात नसण्याची शक्यता जास्त.

काही जणांना काहीच होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी सीटी काढला आणि जुना डाग सापडला, असं बऱ्यापैकी घडतं. कळ नव्हती म्हणून तो डाग सोडून देऊ नका. तो कुठून आला हा प्रश्न तसाच उभा राहतो.

याच जागी दुखवणारे दुसरे आजारही कमी नाहीत. हार्ट अटॅक, डाव्या फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया, फुप्फुसात अडकलेली गुठळी, स्वादुपिंडाची सूज, डाव्या मूत्रपिंडातला खडा. नागीणही पुरळ उठण्याआधी दोन-तीन दिवस अशीच कातडीत जळत असते, म्हणून शर्ट वर करून पाठीपर्यंत कातडी बघायची सवय मी ठेवली आहे. या यादीतले पहिले दोन-तीन आजार पाणथरीपेक्षा घातक आहेत. म्हणूनच डाव्या बाजूच्या नव्या, न थांबणाऱ्या कळेला घरी "बघू उद्या" म्हणायचं नाही.

घरी एवढं करा. शांत बसून मनगटाची नाडी पूर्ण 1 मिनिट मोजा आणि ठोके सारख्या अंतराने पडतात का ते लक्षात ठेवा. ताप मोजून वेळेसकट लिहून ठेवा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. पावसाळ्यात ताप असेल तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका, कारण डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढतो. केमिस्टकडून अँटिबायोटिक तर मुळीच आणू नका, कारण पुढे येईल. आणि बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घ्यायचं नाही. वाढलेली, सुजलेली पाणथरी चोळल्याने फाटू शकते.

थेट इमर्जन्सीत कधी

उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, घाम, हातपाय गार, चेहरा पांढराफटक, पोट कडक झालेलं: ही आत रक्तस्राव झाल्याची लक्षणं असू शकतात. 108 ला फोन करा. छातीत दडपण, धाप, बोलताना जीभ जड होणं किंवा हातापायात अचानक कमजोरी असेल तरी तेच. हृदयातून सुटलेल्या गुठळ्या एकट्याने प्रवास करतात असं नाही. एक पाणथरीत गेली तर दुसरी मेंदूत जाऊ शकते.

जिथे सीटी स्कॅन, रक्तपेढी आणि आयसीयू एकाच आवारात आहे तिथेच जा आणि निघण्याआधी फोन करून विचारा. संध्याकाळी ठाणे-बेलापूर रोडवर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पेशंट हलवणं काय असतं ते ज्याने भोगलंय त्याला कळतं. रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलांत आरोग्यमित्र बसतो. तुमचं निदान कुठल्या पॅकेजात बसतं ते त्याला दाखल होतानाच विचारा, बिल हातात पडल्यावर नको.

पहिल्या काही तासांतल्या तपासण्या

ईसीजी सगळ्यांत आधी. दोन मिनिटांत हार्ट अटॅकची शंका पडताळता येते आणि नाडीचा ताल कागदावर येतो. मग रक्त: सीबीसी आणि त्यासोबत रक्ताची काच, म्हणजे स्मिअर, एखाद्या अनुभवी डोळ्याने पाहिलेली. यंत्राने छापलेले आकडे पुरेसे नसतात. त्या काचेवर मलेरियाचा परजीवी, विळ्याच्या आकाराच्या सिकल पेशी, रक्ताच्या कर्करोगातल्या कच्च्या पेशी दिसू शकतात. शिवाय एलडीएच (पेशी मेल्या की रक्तात वाढणारा घटक), मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या, स्वादुपिंडासाठी लायपेज, मलेरियाची अँटिजेन टेस्ट, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते). एलडीएच बऱ्याचदा वाढलेलं येतं, पण ते शंभर कारणांनी वाढतं. त्यावरून एकट्याने काही ठरवू नये.

ताप असेल किंवा हृदयाच्या झडपेचा जुना आजार असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी वेगवेगळ्या जागांवरून रक्ताचे किमान 3 कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घ्यायला हवेत. झडपेवर जंतू बसले की त्याला एन्डोकार्डायटिस म्हणतात. झडपेवरचे जंतूंचे झुबके तुटून पाणथरीत अडकतात. आधीच 4 दिवस बाहेरची गोळी पोटात गेली असेल तर कल्चर कोरं येतं, जंतूचं नाव कळत नाही आणि पुढचे कित्येक आठवडे अंधारात औषध द्यावं लागतं. वर केमिस्टचा विषय काढला तो याचसाठी.

सोनोग्राफी बहुतेकांची आधी होते, आणि ते ठीकच आहे. पोटात रक्त साचलंय का, पाणथरी वाढली आहे का, पू आहे का, हे तिथे चांगलं कळतं. पण ताजा इन्फार्क्ट पहिल्या दिवसांत साध्या सोनोग्राफीत सुटून जातो. शिवाय पाणथरी बरगड्यांच्या आड, वरून आतड्यातली हवा. काकांचा रविवारचा रिपोर्ट खोटा नव्हता. ज्या प्रश्नाचं उत्तर ती तपासणी नीट देऊ शकत नाही तो प्रश्न आपण तिला विचारला होता.

उत्तर देतो तो कॉन्ट्रास्ट घालून केलेला सीटी स्कॅन. साध्या, बिनकॉन्ट्रास्टच्या सीटीत इन्फार्क्ट लपू शकतो, म्हणून "सीटी झालाय" एवढं ऐकून समाधान मानू नका. कॉन्ट्रास्ट घातला होता का ते विचारा. त्याआधी क्रिएटिनिन बघतात. पूर्वी कॉन्ट्रास्टची अॅलर्जी झाली असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर आधीच सांगा. औषध शिरेत गेलं की अंगभर गरम लाट जाते, तोंडाला धातूसारखी चव येते आणि कपड्यांत लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. कुणी हे आधी सांगितलेलं नसलं की पेशंट मशिनमध्ये दचकतो आणि फोटो हलतो. कॉन्ट्रास्ट देता येत नसेल तर एमआरआयचा पर्याय असतो.

सीटीच्या रिपोर्टात काय बघायचं

इन्फार्क्टची फोड रुंद बाजूने पाणथरीच्या बाहेरच्या कवचाला टेकलेली असते आणि टोक आत, जिथून धमनी शिरते त्या दिशेला. कलिंगडाची साल बाहेर, टोक आत, तसंच. नेहमी इतकं सुबक दिसेलच असं नाही. गोलसर किंवा वेड्यावाकड्या डागांमागेही इन्फार्क्ट असू शकतो, आणि उलट पू किंवा गाठही फोडीसारखी भासू शकते.

एक फसगत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. कॉन्ट्रास्ट दिल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटातल्या फोटोंत निरोगी पाणथरीही वाघाच्या अंगासारखी पट्ट्यापट्ट्यांची दिसते, कारण तिच्या वेगवेगळ्या भागांत रक्त वेगवेगळ्या गतीने भरतं. साधारण 70 सेकंदांनंतरच्या फोटोंत ते पट्टे नाहीसे होतात. खरा इन्फार्क्ट तेव्हाही काळाच राहतो. फक्त सुरुवातीच्या फोटोंवरून निदान झालेलं दिसलं तर दुसरं मत घ्या. दुसरं मत घ्यायला जाताना नुसता छापील कागद नव्हे, सीडी घेऊन जा.

रिपोर्टात आणखी चार गोष्टी शोधा: पाणथरी किती मोठी आहे, मुख्य धमनी आणि शीर उघडी आहे का, मूत्रपिंडातही असेच डाग आहेत का, आणि पाणथरीभोवती रक्त आहे का. मूत्रपिंडातही डाग असले तर गुठळ्या वरून, म्हणजे हृदयातून किंवा महाधमनीतून, येत असल्याचा संशय पक्का होतो.

गुठळी आली कुठून?

मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातला महत्त्वाचा भाग हाच आहे. हॉस्पिटलमधून 3 दिवसांत कळ थांबवून घरी पाठवलेले आणि कारण न शोधलेले पेशंट मी पाहिले आहेत. डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या जागी फक्त "स्प्लेनिक इन्फार्क्ट" लिहिलेलं असतं. घराला ओल आली, भिंत रंगवली, पाइप तसाच.

वय 50 च्या पुढे असेल तर पहिला संशय हृदयावर. एट्रियल फिब्रिलेशन येऊन-जाऊन असतं. ईसीजी काढला त्या दहा सेकंदांत ताल नीट असू शकतो. म्हणून 24 तासांचा किंवा त्याहून लांब होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी, लावतात. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सगळ्यांचीच करावी: झडपा, हृदयाची ताकद, आत गुठळी. जुन्या हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या न हलणाऱ्या भिंतीला गुठळी चिकटून राहते. साध्या इकोत काही दिसलं नाही आणि संशय गेला नाही तर अन्ननलिकेतून नळी घालून इको करतात. त्यात झडपेवरचे बारीक झुबकेही दिसतात. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, ही माहिती पेशंट आपणहून सांगत नाही. आईला विचारावी लागते. संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा आपल्याकडे अजूनही भरपूर आहेत.

पेशंट तरुण असेल तर मी प्रश्न बदलतो. गाव कुठलं? शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा, नंदुरबार, गडचिरोली, किंवा विदर्भातून आलेलं कुटुंब असेल तर सिकलसेलची, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी आधी. रबाळे एमआयडीसीत काम करणारा शहापूरकडचा एक तरुण मित्रांबरोबर विमानाने थेट लेहला गेला होता. लेह साधारण 3,500 मीटरवर. दुसऱ्याच दिवशी डाव्या बरगडीखाली मरणाची कळ. त्याला डोंगराचा त्रास समजून गोळ्या दिल्या गेल्या. परतल्यावर सीटीत पाणथरीचा बराच भाग गेलेला दिसला आणि एचपीएलसी या हिमोग्लोबिनच्या तपासणीत कळलं की तो सिकलचा वाहक आहे, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच तो दोष आलेला. वाहकाला समुद्रसपाटीवर सहसा काही होत नाही, तो आयुष्यभर धडधाकट असतो. पण 3,000 मीटरच्या आसपास किंवा वर प्राणवायू कमी पडला की त्याच्याही पेशी वाकतात आणि पाणथरीत तुंबतात. तेव्हा इलाज एकच, प्राणवायू देत लगेच खाली उतरवायचं. कळसूबाईची उंची 1,646 मीटर, त्यामुळे सह्याद्रीतल्या ट्रेकना ही भीती नाही. वाहकांनी पाणी मात्र भरपूर प्यावं. हिमालयाचं बुकिंग करण्याआधी ही एक तपासणी करून घ्या. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

ज्या मुलांना पूर्ण सिकलसेल आजार आहे त्यांची गोष्ट वेगळी. पाणथरीत लहानपणापासून छोटे-छोटे इन्फार्क्ट होत राहतात आणि बऱ्याच जणांत साधारण पाचेक वर्षांपर्यंत ती सुकून निकामी होते. त्याआधीच्या काळात उलटा धोकाही असतो: रक्त अचानक पाणथरीत साठून ती काही तासांत फुगते आणि मूल पांढरं पडतं. अशा मुलाच्या आईला बरगडीखाली हलक्या बोटांनी पाणथरी चाचपायला शिकवून घ्यावं. आयांना ते फार पटकन जमतं.

पावसाळ्यात, म्हणजे जूनपासून ऑक्टोबर संपेपर्यंत, मलेरिया डोक्यात ठेवाच. चालू बांधकामांच्या शेजारी राहणाऱ्यांनी तर जास्तच. मलेरियाने पाणथरी झपाट्याने वाढते आणि तिच्यात इन्फार्क्ट होऊ शकतो, क्वचित ती फाटतेही. व्हायवॅक्सला आपण "साधा मलेरिया" म्हणतो, पण तोही हे करू शकतो. टायफॉइड आणि काही विषाणूंच्या तापातही असं आढळतं.

पाणथरी खूप मोठी असेल, दोन घास खाल्ले की पोट भरत असेल, वजन उतरत असेल, पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात असतील, तर रक्ताच्या डॉक्टरांकडे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी बीसीआर-एबीएल, आणि लाल पेशी किंवा प्लेटलेट वाढलेल्या असतील तर जॅक-टू या तपासण्या करतात. नाव ऐकून हबकू नका. या ल्युकेमियावर रोजच्या गोळीने वर्षानुवर्षं नोकरी-संसार करणारे लोक आहेत. वारंवार गर्भपात झालेली किंवा पायात गुठळी होऊन गेलेली स्त्री असेल तर अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, म्हणजे रक्ताला गुठळ्या करायला लावणारी प्रथिनं, तपासतात. पॉझिटिव्ह आल्यास 12 आठवड्यांनी परत करतात, एका तपासणीवर शिक्का मारत नाहीत. प्रोटीन सी, प्रोटीन एस या गुठळी रोखणाऱ्या प्रथिनांच्या महागड्या तपासण्या ऐन आजारात किंवा रक्त पातळ करण्याचं औषध चालू असताना केल्या तर आकडे फसवे येतात. पॅकेज म्हणून कुणी सुचवलं तर "आत्ताच का?" असं जरूर विचारा.

स्वादुपिंडाची सूज किंवा कर्करोग, पोटातल्या शस्त्रक्रियेनंतरचा परिणाम, पाणथरीची पिळवटणूक (देठाला पीळ बसणं) ही उरलेली कारणं सीटीतच बहुधा दिसून येतात. सगळं करूनही काही जणांत कारण हाती लागत नाही. तेव्हा होल्टर आणि रक्ताची काच काही महिन्यांनी पुन्हा बघणं शहाणपणाचं.

उपचार

ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. मेलेला भाग हळूहळू आक्रसतो, तिथे व्रण राहतो आणि उरलेली पाणथरी काम करत राहते. कळेसाठी पॅरासिटामॉल, कमी पडलं तर ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनच्या गटातली औषधं. सलाइन, विश्रांती, नाडी आणि रक्तदाबावर लक्ष. बहुतेकांची कळ आठवड्या-दोन आठवड्यांत विरते.

खरा उपचार कारणावर. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर रक्त पातळ करणारं औषध: आधी बहुधा हेपॅरिनचं इंजेक्शन, मग गोळी. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) बरीच आकसलेली असेल किंवा कुठलीही झडप कृत्रिम धातूची असेल तर वॉरफॅरिन किंवा त्याच गटातली गोळीच, नव्या गोळ्या तिथे चालत नाहीत. पक्क्या निदानाच्या अँटिफॉस्फोलिपिड आजारातही जुनं वॉरफॅरिनच बरं. वॉरफॅरिनवर आयएनआर बहुतेक आजारांत 2 ते 3 मध्ये ठेवतात. पालेभाज्या बंद करायची गरज नाही, पण एक आठवडा रोज पालक आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं करू नका. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, शेजारणीने दिलेला काढा, हे विचारल्याशिवाय नको.

इन्फार्क्ट दिसला म्हणून प्रत्येकाला रक्त पातळ करणारं औषध द्यायचं नसतं. एन्डोकार्डायटिसमध्ये निव्वळ त्या कारणासाठी ते सुरू केलं तर मेंदूत रक्तस्रावाचा धोका असतो. तिथे शिरेतून अँटिबायोटिक, बहुधा 4 ते 6 आठवडे, आणि काहींना झडपेची शस्त्रक्रिया. मलेरियात मलेरियाचंच औषध. व्हायवॅक्स असेल तर क्लोरोक्विनचे 3 दिवस आणि प्रायमाक्विनचे 14 दिवस पूर्ण करायचे. ताप गेला म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या सोडणारे सप्टेंबरात परत येतात. जी-सिक्स-पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असणाऱ्यांना आणि गरोदर स्त्रियांना प्रायमाक्विन तसंच देत नाहीत, म्हणून आधी विचारपूस हवी. सिकलसेलमध्ये पाणी, प्राणवायू, वेदनाशमन आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया, म्हणजे पेशी वाकणं कमी करणारं औषध.

पिळवटलेली पाणथरी, फाटून रक्तस्राव किंवा मोठा पू असेल तेव्हा सर्जनचं काम. रक्तस्रावात मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून तार घालून गळणारी वाहिनी आतून बंद करता येते. ते साधलं नाही किंवा पेशंट कोसळत असेल तर पाणथरी काढावी लागते.

घरी आल्यावर ताप आला तर

सुरुवातीचा बारीक ताप इन्फार्क्टचाच असू शकतो. पण आठवड्यानंतरही थंडी वाजून येणारा ताप, कमी होऊन पुन्हा वाढलेली कळ, डाव्या बाजूला श्वास तोकडा पडणं यावर संशय पुवाचा घ्यायचा आणि सीटी परत. पू झाला असेल तर सुई-नळीने काढतात, नाहीतर ऑपरेशन. कळ आणि ताप दोन्ही गेले असतील तर केवळ डाग पुसला का हे पाहण्यासाठी सीटी पुन्हा पुन्हा काढू नका. व्रण दिसतच राहील. पाणथरी वाढलेली असेल तोवर कबड्डी, फुटबॉल, दहीहंडीचे थर बंद. बाइकच्या मागे बसून खड्ड्यांतून जाणंही टाळलेलं बरं.

पाणथरी निकामी झाली किंवा काढावी लागली तर

एखादी फोड गेली तर फरक पडत नाही. सगळी किंवा जवळजवळ सगळी गेली तर शरीराची एक गाळणी गेली. रक्ताच्या काचेवर लाल पेशींत हॉवेल-जॉली बॉडीज नावाचे ठिपके दिसू लागले तर ती काम करत नाही असं समजतात. मग लसी: न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब या जंतूंवरच्या आणि दरवर्षी फ्लूची. ऑपरेशन ठरवून असेल तर किमान 2 आठवडे आधी, तातडीचं झालं तर साधारण 2 आठवड्यांनी. आपल्याकडे डिस्चार्जच्या गडबडीत लसी हमखास राहतात, कारण टाके काढायला सर्जन बोलावतो, लसीला कुणी बोलावत नाही. तारखा स्वतः लिहून घ्या. लहान मुलांना रोजचं पेनिसिलिनही देतात.

अशा माणसाला 38 डिग्रीच्या वर ताप आला तर तो पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघण्याचा ताप नाही. न्यूमोकोकससारखा जंतू काही तासांत रक्तभर पसरतो. डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली अँटिबायोटिकची पहिली गोळी घरात ठेवलेली असावी. ती घ्यायची आणि त्याच पावली हॉस्पिटल गाठायचं. केमिस्टकडून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणू नका असं वर म्हटलं, त्याला हा एकच अपवाद. कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनबरोबरच "मला पाणथरी नाही" हेही सांगायचं, कारण कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू अशा लोकांना फार जड जातो. मलेरियाही त्यांना जोरात होतो, तेव्हा मच्छरदाणी हवीच.

हे सगळं सांगायची वेळ येते तेव्हा पेशंट बहुधा ग्लानीत असतो. म्हणून एका कागदावर मराठीत आणि खाली इंग्रजीत लिहायचं: पाणथरी नाही (किंवा काम करत नाही), ताप आल्यास तातडीने अँटिबायोटिक, लसींच्या तारखा, घरच्यांचा फोन. शहापूरच्या त्या तरुणाने असा कागद लॅमिनेट करून लोकलच्या पासमागे सरकवून ठेवला आहे. दर वेळी पास नवा काढला की तो कागदही नव्या कव्हरात जातो.